किनाऱ्यावरच्या अणुवीज केंद्राची जमीन किती उंच असावी?

खारवारा

अणुवीज केंद्राचा विषय निघाला की चर्चा अणुभट्टीपाशी जाऊन थांबते. किरणोत्सार, इंधन, कचरा. मला मात्र गेले काही दिवस एका वेगळ्याच आकड्याने पछाडलंय. केंद्र समुद्रकाठी बांधायचं ठरलं की सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करावी लागते: आवार समुद्रसपाटीपासून किती मीटरवर ठेवायचं? डोंगर किती कापायचा, भराव किती घालायचा? एकदा पायाचं काँक्रीट पडलं की पुढची साठेक वर्षं हा आकडा कुणाला बदलता येत नाही.

जपानमधली दोन केंद्रं बघा. फुकुशिमा दाइइचीच्या जागी मूळ कडा सुमारे ३५ मीटर उंच होता. तो कापून पहिल्या चार भट्ट्या १० मीटरवर बसवल्या. ११ मार्च २०११ ला तिथे पाणी १४-१५ मीटरपर्यंत चढलं. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. ओनागावा केंद्र त्या भूकंपाच्या केंद्राला फुकुशिमापेक्षा जवळ होतं. तिथलं आवार मूळचं १४.८ मीटरवर. भूकंपात जमीन सुमारे एक मीटर खचली आणि लाट आली सुमारे १३ मीटरची. तिन्ही भट्ट्या सुखरूप बंद झाल्या. आसपासच्या गावांतली घर गमावलेली तीनशेहून जास्त माणसं त्या केंद्राच्या आवारातच आसऱ्याला राहिली.

प्रश्न असा की सरळ उंचावर का बांधत नाहीत? खाली उतरून नेमकं काय वाचतं? आणि शेवटी हा आकडा ठरवतं कोण? माझं मत आधीच सांगतो: बाकीच्या सगळ्या सुरक्षा यंत्रणांपेक्षा हा एक आकडा जास्त महत्त्वाचा आहे. पटत नसेल तर खुशाल खोडून काढा.

निवांत

बसलोय पुढच्या रांगेत. येऊ द्या.

टर्बाइनवाला

खाली उतरण्यामागे पाणी आहे, म्हणून आधी त्याचा हिशेब मांडतो.

१००० मेगावॉट वीज हवी तर भट्टीत साधारण ३००० मेगावॉट उष्णता तयार करावी लागते. म्हणजे २००० मेगावॉट उष्णता टाकून द्यायची असते. टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ कंडेन्सरमध्ये (नळ्यांच्या थंडकात) थंड होऊन पुन्हा पाणी होते आणि ती उष्णता समुद्राचं पाणी घेऊन जातं. सेकंदाला ५० घनमीटर पाणी फिरवलं तर ते सुमारे १० अंशांनी तापून परत जातं. दर सेकंदाला ५० घनमीटर, रात्रंदिवस! छोट्या नदीइतका प्रवाह झाला हा, तोही एका भट्टीसाठी.

आता हे पाणी १० मीटर वर चढवायचं असेल तर पंपांना जवळपास ६ मेगावॉट वीज जास्त लागते. २५ मीटर चढवायचं तर १५. म्हणजे उत्पादनाच्या दीड टक्का, आणि तोही केंद्र चालू असेपर्यंत रोज. साठच्या दशकातल्या माणसाने कागदावर हे गणित केलं आणि कडा कापायचा ठरवला, तर त्याचं डोकं कुठल्या दिशेने चाललं असेल ते कळतं.

यात एक सोयही आहे. पिंपातून नळीने पाणी काढताना नळी वर जाऊन पुन्हा खाली येते तरी पाणी वाहत राहतं, तसंच कंडेन्सरच्या वाटेवर करता येतं. उतरणारं पाणी चढणाऱ्या पाण्याला ओढून घेतं आणि पंपाचे कष्ट वाचतात. पण हवेच्या दाबामुळे ही युक्ती १० मीटरच्या आतच चालते, प्रत्यक्षात आणखी कमी. त्यावरची उंची पूर्ण पैसे मोजूनच घ्यावी लागते.

शंकासुर

मग समुद्रच कशाला? अमेरिकेत अॅरिझोनाच्या वाळवंटात पालो व्हर्डे केंद्र आहे. तीन मोठ्या भट्ट्या, ना समुद्र ना नदी. शहरांचं सांडपाणी शुद्ध करून त्यावर चालतं. त्सुनामीची भीतीच नको.

टर्बाइनवाला

@शंकासुर, बरोबर. पण तिथे कूलिंग टॉवरमधून, म्हणजे पाणी हवेने गार करणाऱ्या मनोऱ्यांतून, पाणी वाफ होऊन उडून जातं, त्यामुळे गोड्या पाण्याचा कायमचा पुरवठा बांधून घ्यावा लागला. सगळीकडे तो नसतो. नदीकाठच्या केंद्रांचं दुखणं वेगळं. फ्रान्समध्ये उष्णतेची लाट आली की ऱ्होन आणि गारोन नद्या तापतात आणि तिथल्या भट्ट्यांचं उत्पादन कमी करावं लागतं, कारण आणखी गरम पाणी नदीत सोडायला परवानगी नसते. समुद्र आटत नाही, ही त्याची जमेची बाजू.

तापतो मात्र. ऑगस्ट २०१२ मध्ये अमेरिकेतल्या मिलस्टोन केंद्राची दुसरी भट्टी बंद करावी लागली, कारण समुद्राचंच पाणी परवान्यातल्या मर्यादेपलीकडे, सुमारे २४ अंशांवर गेलं. संयुक्त अरब अमिरातीतलं बराका केंद्र तर आखातातल्या त्याहून कितीतरी गरम पाण्यावर चालतं, पण ते धरूनच त्याची रचना केलेली आहे.

खडकवाचक

फुकुशिमाचा कडा फक्त पंपाच्या विजेसाठी कापला असं समजू नका. भूकंपप्रवण देशात भट्टीची इमारत पक्क्या खडकावर बसवतात. वर मऊ थर असेल तर हादरा वाढतो. तिथे खडक गाठायला खाली जाणं भागच होतं. शिवाय अवजड सामान समुद्रातूनच येतं. आजच्या इपीआर जातीच्या भट्टीचं दाबपात्र, म्हणजे इंधन ठेवायचं जाड पोलादी भांडं घ्या, वजन सुमारे ५०० टन. वाफ बनवणारी चार जनित्रं, प्रत्येक त्याहून थोडं जडच. असं ओझं डोंगररस्त्याने कोण नेणार? बार्जने धक्क्याला लावायचं आणि तिथून हळूहळू आत. आवार जितकं खाली तितकं हे सोपं.

तीन कारणं एकाच दिशेला बोट दाखवत होती. उलट दिशेला होती फक्त लाटेची शक्यता, आणि मूळ आराखड्यात ती फार छोटी धरली होती. नंतर ती वाढवून ५.७ मीटर केली.

स्थापत्य

@खारवारा, मूळ मताशी मी असहमत आहे. उंची महत्त्वाची आहेच, पण फुकुशिमाचा निकाल उंचीने लागला हे अर्धंच खरं.

भट्टी बंद केली तरी इंधनातली उष्णता थांबत नाही. बंद केल्याक्षणी ती मूळच्या ६-७ टक्के असते, म्हणजे वरच्या उदाहरणात सुमारे २०० मेगावॉट. दिवसाने अर्ध्या टक्क्याच्या आसपास येते, तरीही १५ मेगावॉट राहतात. ती काढायला पंप हवेत आणि पंपांना वीज हवी. फुकुशिमात भूकंपाने बाहेरची वीज गेली, डिझेल जनरेटर ठरल्याप्रमाणे सुरू झाले, मग लाट आली. बहुतेक जनरेटर टर्बाइन इमारतींच्या तळघरात होते. तळघरात!

आता हे नीट वाचा. दुसऱ्या आणि चौथ्या भट्टीचा प्रत्येकी एक जनरेटर वेगळ्या इमारतीत, जमिनीच्या पातळीवर होता आणि हवेने थंड होणारा होता. तो बुडाला नाही. पण त्याची वीज ज्या स्विचगिअरमधून, म्हणजे वीज वाटणाऱ्या फलकांमधून, पुढे जायची ते तळघरात बुडालं. चांगला जनरेटर निरुपयोगी झाला. सहाव्या भट्टीचा तसाच एक जनरेटर मात्र स्विचगिअरसकट वाचला आणि त्या एकावर पाचवी आणि सहावी अशा दोन्ही भट्ट्या तगल्या. एकाच केंद्रात, त्याच लाटेत.

तेव्हा माझ्या मते मोठा आकडा आवाराचा नाही, विजेच्या खोल्यांचा आहे. पाणी आत येणारच असं धरून चाला. दारं जलरोधक करा, जनरेटर आणि बॅटऱ्या वर न्या, दोन संच दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा.

खारवारा

@स्थापत्य, उत्तम प्रतिसाद. पण पाचवी आणि सहावी भट्टी १३ मीटरवर होती, १० वर नाही. तिथे आत शिरलेलं पाणी कमी होतं. म्हणजे तुमच्या उदाहरणातही तीन मीटर उंची लपलेली आहे!

स्थापत्य

आहे, नाकारत नाही. पण त्या तीन मीटरवरही समुद्राच्या पाण्यावर थंड होणारे जनरेटर निकामी झाले, कारण त्यांचे पंप खाली किनाऱ्यावर होते. हवेवर चालणारा टिकला. उंचीला विविधतेची जोड मिळाली तेव्हा काम झालं.

ओहोटी

सगळे लाट येण्याबद्दल बोलताय. लाटेआधी पाणी मागे जातं त्याचं काय? त्सुनामीच्या आधी किनारा उघडा पडू शकतो आणि पाणी ओढणाऱ्या पंपांच्या तोंडाशी हवा येते. ओनागावात हे धरून पाण्याच्या वाटेची रचना अशी केली होती की समुद्र मागे गेला तरी आत पुरेसं पाणी अडून राहावं. ते केंद्र बांधणाऱ्या तोहोकू वीज कंपनीचे उपाध्यक्ष यानोसुके हिराई यांनी उंचीसाठीही आणि यासाठीही आग्रह धरला होता असं सांगतात. सन ८६९ मधल्या जोगान त्सुनामीची आठवण त्या भागात होती. कंपनीतल्या अनेकांना एवढी उंची अनावश्यक वाटत होती. १९८६ मध्ये हिराई वारले. त्यांचा निर्णय खरा ठरला ते त्यानंतर पंचवीस वर्षांनी.

अशा माणसाचं नाव शाळेच्या पुस्तकात असायला हवं, हे मी मनापासून लिहितेय.

पंपगृह

बऱ्याच वर्षांपासून एका किनारी केंद्रात देखभालीचं काम करतो. कुठल्या ते विचारू नका. तुमची चर्चा शंभर-हजार वर्षांतून एकदा येणाऱ्या समुद्राची आहे. रोजचा समुद्र कसा असतो ते सांगतो.

पाणी आत घेतो तिथे आधी जाड गज, मग फिरत्या जाळ्या. काय काय अडकतं! समुद्री शेवाळ, प्लास्टिक, तुटलेली मासेमारीची जाळी, लाकडाचे ओंडके. वादळानंतर तर पाळीत जाळ्या धुण्याशिवाय दुसरं काम नसतं. पाइपच्या आत शिंपले आणि खडकाला चिकटणारे जीव घर करतात. त्यांना रोखायला क्लोरीन सोडायचा, पण बाहेर पडणाऱ्या पाण्यात तो ठरलेल्या मर्यादेत राहिला पाहिजे. ही रोजची कसरत.

आमच्यासाठी खरा शत्रू म्हणजे कंडेन्सरच्या नळीतली बारीक गळती. कंडेन्सरमध्ये निर्वात असतो, त्यामुळे वाफ बाहेर येत नाही, उलट खारं पाणी आत ओढलं जातं. हेच पाणी पुढे भट्टीच्या बाजूच्या यंत्रांकडे जाणार असतं. क्लोराइड तिथे पोचला की धातू कुरतडतो. म्हणून पाण्यातल्या सोडियमवर आणि वाहकतेवर चोवीस तास नजर. काटा जरा हलला की रसायनशाळेचा फोन येतो, उत्पादन कमी करतो, गळकी नळी शोधून दोन्ही टोकांना बूच मारतो. हल्ली टायटॅनियमच्या नळ्या वापरतात, त्रास खूप कमी झाला. तरी तो फोन वाजला की पोटात गोळा येतोच.

आणि मीठ हवेतूनही येतं. वीज बाहेर पाठवायच्या स्विचयार्डातल्या इन्सुलेटरवर त्याचा थर बसतो, धुकं पडलं की ठिणग्या उडतात. ते धुवावे लागतात. लाट न येताही समुद्र बाहेरची वीज तोडू शकतो, हे @स्थापत्य यांच्या मुद्द्याला जोडून घ्या.

निवांत

@पंपगृह, असे प्रतिसाद अजून लिहा हो. जेलीफिशबद्दल ऐकलं होतं, ते खरं की गंमत?

पंपगृह

अगदी खरं. २०११ मध्ये स्कॉटलंडच्या टॉर्नेसमध्ये, २०१३ मध्ये स्वीडनच्या ऑस्कर्सहामनमध्ये, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये फ्रान्सच्या ग्रावलीनमध्ये जेलीफिशच्या थव्यांनी जाळ्या बुजवून भट्ट्या बंद पाडल्या. ग्रावलीनला तर चार. सुरक्षेला धोका नव्हता, कारण इंधन थंड ठेवायला लागणारं पाणी कंडेन्सरच्या मानाने अगदी थोडं असतं आणि त्याची सोय वेगळी असते. पण फाटक न उघडता एवढ्या मोठ्या केंद्राला टाळं लावणारे पाहुणे म्हणून त्यांना सलाम.

मत्स्यगंधा

जेलीफिशवर हसून झालं असेल तर माशांकडे वळा.

मी मासेमारी करणाऱ्या घरातली. जाळीवर आपटून मरणारे मासे निदान दिसतात तरी. अंडी आणि पिल्लं जाळीतून आरपार जातात, पंपातून आणि तापलेल्या नळ्यांतून फिरून बाहेर पडतात, त्यातली किती जगतात? सेकंदाला ५० घनमीटर हा आकडा @टर्बाइनवाला यांनी उद्गारचिन्ह लावून लिहिला. आमच्यासाठी त्या प्रत्येक घनमीटरात काहीतरी जिवंत आहे. इंग्लंडमध्ये हिंकली पॉइंट सी बांधताना मासे दूर ठेवायला पाण्याखाली ध्वनियंत्रणा लावायची की नाही यावर वर्षानुवर्षं वाद चालला. पाणी घेण्याची तोंडं किनाऱ्यापासून तीन किलोमीटरहून आत समुद्रतळावर आहेत, तिथे तसली यंत्रं सांभाळायला पाणबुडे पाठवणं धोक्याचं, हे कंपनीचं म्हणणं. असेलही. पण मग तो विचार जागा ठरवताना व्हायला हवा होता.

आणि केंद्राभोवती समुद्रातही मनाई क्षेत्र येतं. तिथली मासेमारी बंद. वळसा घालून जायचं तर डिझेल जास्त जळतं. हे नुकसान कुठल्याच आराखड्यात मीटरमध्ये लिहिलेलं नसतं.

टर्बाइनवाला

@मत्स्यगंधा, मुद्दा मान्य. कॅलिफोर्नियाने २०१० मध्ये याच कारणासाठी समुद्राचं पाणी एकदाच वापरून सोडण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने बंद करायचं धोरण आणलं. दुसऱ्या बाजूला गरम पाण्यालाही राहणारे मिळतात. फ्लोरिडातल्या टर्की पॉइंट केंद्राच्या कालव्यांत अमेरिकन मगरी अंडी घालतात आणि वाढतात. पण मगरी आल्या म्हणून मासे गेल्याची भरपाई होत नाही, हेही खरं.

शंकासुर

बांधायला इतका वेळ का लागतो ते कुणी सांगेल का? फिनलंडचं ओल्किलुओतो-३ २००५ मध्ये बांधायला घेतलं, २००९ ला वीज मिळणार होती, नियमित उत्पादन २०२३ मध्ये. फ्रान्सचं फ्लामानव्हिल-३ २००७ मध्ये बांधायला घेऊन डिसेंबर २०२४ ला ग्रिडला जोडलं. खर्च ३.३ अब्ज युरोवरून १३ अब्जांच्या पुढे. दोन्ही किनाऱ्यावरच. हाही समुद्राचा दोष?

स्थापत्य

नाही, तो समुद्राच्या माथी मारू नका. नवी रचना, अपुरे आराखडे घेऊन काम सुरू करणं, वेल्डिंग पुन्हा करावं लागणं, आणि मधल्या वर्षांत असं काम केलेली कुशल माणसं पांगलेली असणं. तेच चार भट्ट्यांचं बराका २०१२ मध्ये सुरू होऊन २०२४ मध्ये चौथ्या भट्टीसह पूर्ण झालं, कारण कोरियात तीच रचना आधी बांधलेली, तेच लोक.

समुद्राचा वाटा काँक्रीटमध्ये असतो. खारी हवा, खारी वाळू, क्लोराइड सळईपर्यंत पोचला की गंज चढतो आणि काँक्रीट आतून फुटतं. म्हणून मिश्रण घट्ट हवं, सळईवरचं आवरण जाड हवं, आणि ओतकाम मध्येच थांबता कामा नये. हिंकली पॉइंट सी च्या पायाच्या शेवटच्या थराला २०१९ मध्ये ९००० घनमीटर काँक्रीट सलग पाच दिवस ओतलं. ज्याने असं ओतकाम जवळून पाहिलंय त्याला त्या पाच रात्री झोप लागलेली नसते.

दक्षिणवारा

आपल्या तामिळनाडूतल्या कल्पक्कम केंद्राचा उल्लेख अजून कसा नाही? २६ डिसेंबर २००४. एक भट्टी दुरुस्तीसाठी बंद होती, दुसरी चालू. त्सुनामीचं पाणी समुद्रतळाखालून येणाऱ्या बोगद्यातून पंपगृहात चढलं. कंडेन्सरचे पंप बंद पडले, भट्टी सुरक्षित बंद केली. मुख्य इमारती उंचावर असल्याने त्यांना काही झालं नाही. शेजारी नव्या जलद प्रजनक भट्टीच्या पायाचा खड्डा खणलेला होता, तो पाण्याने भरला. वसाहतीत मात्र माणसं गेली.

@खारवारा, तुमच्या बाजूने हे सगळ्यात जवळचं उदाहरण. पाणी पुढच्या दाराने आलं नाही, नळाच्या वाटेने आलं. तरी उंची कामी आली.

ओहोटी

याच्याही आधीचं एक. २७ डिसेंबर १९९९, फ्रान्सचं ब्लाये केंद्र, जिरोंद खाडीवर. त्सुनामी नाही, भूकंप नाही, साधं हिवाळी वादळ. भरती, वादळाने चढलेलं पाणी यांचा हिशेब बांधाच्या उंचीत धरला होता. त्यावर वाऱ्याने उठणाऱ्या लाटांचा पुरेसा धरला नव्हता. लाटा बांधावरून आत पडल्या, जमिनीखालच्या मार्गिकांतून पाणी सुरक्षा पंपांच्या खोल्यांत गेलं. रस्ते पाण्याखाली, त्यामुळे मदतीची माणसं पोचणं अवघड. भट्ट्यांना इजा झाली नाही. फ्रान्सने त्यानंतर सगळ्या केंद्रांचा पुराचा हिशेब नव्याने केला. फुकुशिमाच्या अकरा वर्षं आधीच हा धडा जगासमोर होता, याचं मला फार वाईट वाटतं.

खारवारा

सगळ्यांचे आभार. आता मूळ प्रश्नाचा उरलेला भाग: ठरवतं कोण, आणि कसं?

स्थापत्य

प्रस्ताव बांधणाऱ्याचा, मंजुरी देशाच्या अणुसुरक्षा नियामकाची. पद्धत थोडक्यात अशी: सगळ्यात मोठी भरती, त्यावर वादळाने चढणारं पाणी, त्यावर लाटेची उडी, जिथे लागू तिथे त्सुनामी, आणि समुद्राच्या वाढत्या पातळीची भर. ब्रिटनमध्ये नैसर्गिक संकट दहा हजार वर्षांतून एकदा येणारं धरतात. हिंकली पॉइंट सी चं आवार त्यांच्या सरासरी समुद्रपातळीच्या वर १४ मीटरला ठेवलंय.

अडचण इथे आहे की नोंदी शंभर-दीडशे वर्षांच्या आणि उत्तर हवं दहा हजार वर्षांचं. म्हणून वाळूचे जुने थर खणून पूर्वीच्या त्सुनामी कुठवर आल्या ते शोधतात. शिवाय केंद्र ६० वर्षं चालतं, पाडायला आणखी काही दशकं, वापरलेलं इंधन तोवर तिथेच. म्हणजे समुद्र शंभर वर्षांनी कुठे असेल तेही आजच धरायला हवं. आणि आकडा एकदा ठरला की संपलं असं नाही. बऱ्याच देशांत दर दहा वर्षांनी सुरक्षेचा पूर्ण आढावा होतो.

दक्षिणवारा

आढाव्यात पाणी वर गेलं तर? जमीन तर उचलता येत नाही.

ओहोटी

ओनागावात नेमकं हेच झालं. २०११ मध्ये तगलेल्या त्याच ओनागावात. पुढच्या त्सुनामीचा हिशेब नव्याने केला तर आकडा आला २३.१ मीटर. आवार १३.८ वर. मग समुद्राच्या बाजूने भिंत उचलत २९ मीटरवर नेली. ती झाल्यावर, ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथली दुसरी भट्टी पुन्हा सुरू केली.

स्थापत्य

आणि भिंतीच्या आत जलरोधक दारंही बसवली. कारण २०११ ला तिथेही दुसऱ्या भट्टीच्या तळघरात पाणी शिरलं होतंच, समुद्रपातळी मोजायच्या यंत्राच्या वाटेने. बाहेरच्या विजेच्या पाच वाहिन्यांपैकी एकच शिल्लक होती. @खारवारा, तुमच्या आवडत्या केंद्राची ही बाजूही धाग्यात राहू द्या.

खारवारा

राहू द्या कशाला, ओहोटी यांचा २९ मीटरचा आकडा आणि तुमची ही माहिती मूळ धाग्यातच वर जोडतो. उंची आधी, यावर मी अजून ठाम आहे. विजेच्या खोल्या हव्या तेव्हा हलवता येतात, आवार नाही.

@मत्स्यगंधा, तुमच्या प्रतिसादावर इथे फार कमी बोललं गेलं. अंडी-पिल्लं आणि मनाई क्षेत्र यावर तुम्ही वेगळा धागा काढा. @पंपगृह, जाळ्यांच्या नोंदींत माशांच्या जाती लिहितात का? लिहीत असतील तर तिथून सुरुवात करता येईल.

पंपगृह

लिहितात. जात, वजन, तारीख. धागा निघाला की काय मोजतात आणि काय मोजायचं राहून जातं ते सविस्तर लिहितो.